धाकटीचा गिअरबॉक्स

आमच्या घरमालकीणबाई कुठल्याही वस्तूला पहिला हात लावायच्या तो उलटा. तळहात नाही, बोटांची पाठ. फ्रीज, लोखंडी फाटक, कूलर, दुसऱ्याची स्कूटर, सगळ्याला आधी बोटांची पाठ टेकवून बघायच्या आणि मग धरायच्या. त्यांची सगळी नोकरी वीज खात्यात मीटर तपासण्यात गेली होती. उलट्या हाताला झटका बसला तर हात मागे फेकला जातो, तळहाताने धरलं तर मूठ आवळते आणि माणूस तिथेच चिकटतो, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. इथवर ठीक होतं. पण मी बॅगा घेऊन रायपूरमधल्या शंकर नगरच्या त्या घरात पाऊल टाकलं, तेव्हा त्यांनी माझ्याही गालाला तशीच बोटांची पाठ लावली, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "ये. चालते."

मी मूळची साताऱ्याची. नवा रायपूरला सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली आणि मराठी घरात वरची खोली मिळाली, म्हणून आई साताऱ्यात पेढे वाटायची बाकी होती. मराठी घर म्हणजे तरी काय, या बाईंचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेसोबत इकडे आलेले आणि त्यांची मराठी वाटेत भेटेल ते सोबत घेत आलेली. "काय करून राहिली वं?" असं जिन्याखालून ओरडायच्या. सुरुवातीला मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलंय. मी त्यांना मावशी म्हणायचे. सगळा पारा, म्हणजे आपल्याकडची आळी, त्यांना दीदी म्हणायचा. मॅडम म्हटलेलं त्यांना खपत नसे.

खोली देताना त्यांची अट एकच होती. "मेन स्विचले हात लावायचा नाही. आग लागली तरी आधी मले आवाज दे."

आणि एक वाक्य होतं, ते त्या कशालाही लावायच्या. "करंट दिसते काय? नाही दिसत. म्हणून नसते काय?" देवावर विश्वास नसलेल्या गॅसवाल्याला हे वाक्य. शेजारणीच्या मनात राग आहे हे मला पटवायला हेच. असेल बाई, म्हणून मी सोडून द्यायचे.

पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या देवघरात डोकावले. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, आणि त्यांच्या शेजारी जेवणाच्या डब्याएवढा एक काळा डबा. मागे रंगीत वायरींचा झुपका. त्यातल्या दोन वायरी खाली पाटावर ठेवलेल्या बॅटरीला जोडलेल्या, बॅटरीला चार्जर, चार्जरवर एक बारीक लाल दिवा. डब्यावर हळदकुंकू. मी आपलं शहाणपणाने विचारलं, "मावशी, वायफायचा पासवर्ड काय आहे?"

त्या हसल्या नाहीत. "वायफाय नाही तो. धाकटी आहे."

मी वर गेले आणि दाराला कडी घातली. दुसरी खोली बघावी असंही मनात आलं. पण मराठी जेवण, हवेशीर खोली आणि ऑफिसची बस कोपऱ्यावर, एवढं सगळं सोडायला भूत स्वतः यावं लागतं. डब्याला कोण घाबरणार?

धाकटी म्हणजे त्यांची लहान बहीण. दोघींची लग्नं झाली नव्हती, दोघी जन्मभर याच घरात. धाकटी मंत्रालयात होती. तिच्याकडे एक छोटी ऑटोमॅटिक गाडी होती आणि वर्षानुवर्षं ती ताईला आधी वीज खात्याच्या दारात सोडून पुढे जायची. मावशींनी गाडी कधी शिकली नाही. "मी फक्त बसली," असं म्हणायच्या. धाकटी बोलघेवडी, खिदळणारी, आडव्या आलेल्या गायीला शिव्या घालणारी, दिवसभर बडीशेप चघळणारी. सगळ्या जगाला 'बाबू' म्हणायची, गायीलासुद्धा. मावशी म्हणजे पावसाळ्यात वाळत घातलेलं घोंगडं, बोलणं कमी आणि हसणं त्याहून कमी. धाकटी तापाने फणफणली, दवाखान्यात नेली, आणि परत आलीच नाही.

तिची तेरवी झाली आणि दारात ट्रक उभा राहिला. त्यातून लाकडी पेट्या उतरल्या. कुण्या दक्षिणेकडच्या वर्कशॉपमधून आलेल्या, आत एका उघड्या स्पोर्ट्स कारचे सुटे भाग. पाइपांचा सांगाडा, फायबरचं लाल अंग, चाकं, स्टिअरिंग. घरी जोडून घ्यायची गाडी. धाकटीने गुपचूप मागवली होती. पाठवणाऱ्याला ती गेल्याचं कुठून माहीत असणार!

"पेट्या परत पाठवीन म्हणत होती मी," मावशी मला म्हणाल्या. "मग पाहिलं तर सीटा दोनच. एक तिची. दुसरी कोणाची वं?"

 

मी राहायला गेले तेव्हा तो सांगाडा पोर्चमध्ये उभा होता आणि इंजिन कुठलं हे ठरलं होतं. धाकटीच्या जुन्या गाडीवर आवारातला कडुलिंब पडून छत बसलं होतं, पण इंजिन शाबूत होतं. तेच मागच्या बाजूला बसवायचं. अडलं होतं गिअरबॉक्सवर. मेकॅनिक भैया सुट्टीच्या दिवशी यायचा, चहा प्यायचा आणि साध्या हाताने टाकायच्या गिअरचा आग्रह धरायचा. "दीदी, स्पोर्ट्स कार में ऑटोमैटिक? शेरवानी पे हवाई चप्पल!" मावशींना ऑटोमॅटिकच हवा होता. पण कोणता? आणि इथे मी सापडले.

"तू इंजिनेर आहे नं वं?"

"मावशी, मी कॉम्प्युटरवाली. गाडीतलं मला काही कळत नाही."

"गिअरबॉक्समधी कॉम्प्युटरच असते."

आणि तसंच होतं. ऑटोमॅटिक गाडीत गिअर माणूस टाकत नाही, एक छोटा कॉम्प्युटर टाकतो. चालवणारा पाय अलगद दाबतो की एकदम, कधी उचलतो, हे तो बघत राहतो आणि हळूहळू त्या पायाच्या सवयीने गिअर बदलायला शिकतो. धाकटीच्या गाडीतला तो कॉम्प्युटर म्हणजे देवघरातला काळा डबा. जुन्या धाटणीचा होता. बॅटरीची तार सुटली की शिकलेलं सगळं विसरणारा. म्हणून मावशींनी गाडी मोडीत निघतानासुद्धा त्याला एक क्षण बिनकरंटाचा राहू दिला नव्हता. आमच्याकडे नवरात्रात घटाजवळचा दिवा विझू देत नाहीत. रायपुरात तर देवळादेवळांत लोकांनी नवस बोलून लावलेल्या ज्योतींच्या रांगा लागतात आणि त्या राखायला माणसं बसतात. मावशी ती बॅटरी तशी राखायच्या. लाइट गेली की सगळा पारा इन्व्हर्टरकडे बघायचा, मावशी आधी देवघरात.

"तिचा पाय आहे त्यात," त्या म्हणाल्या. ऐकायला विचित्र होतं, पण त्यात चुकीचं काहीच नव्हतं. तांत्रिकदृष्ट्या बाईंचं अगदी बरोबर होतं, आणि तीच तर पंचाईत होती.

तरीही निवड त्यांनी चोख केली. "घरची आहे म्हणून घ्यायची नाही. तपासून घ्यायची," असं म्हणून मला घेऊन गावातली शोरूम पालथी घातली. गाडी बघायला आलेली साठी उलटलेली बाई, बसणार मात्र डावीकडे. चालवायला सांगणार विक्रेत्याला. डोळे मिटणार आणि दोन सीटांच्या मधल्या जागेवर बोटांची पाठ टेकवणार. एका गाडीत गिअरच्या पायऱ्याच नव्हत्या, वेग नुसता वाढत जायचा. "हे दूध उतू जाते तसं आहे. धाकटी जिना चढे." दुसरीत एक यंत्र माणसासारखं क्लच दाबायचं. "हा नवशिक्या आहे. ठेचकाळते." तिसरी गाडी त्यांना बरी वाटली. तिथला पोरगेला विक्रेता खुलला. "मैडम, हफ्ते भर में आपका पैर पहचान लेगी."

"और पहले वाले का पैर?"

"उसको भूल जाएगी न, मैडम. आप टेंशन मत लो."

मावशी उतरल्या. "आपल्या कामाची नाही," एवढंच म्हणाल्या. त्या विक्रेत्याने किती महत्त्वाचं सांगितलं होतं हे तेव्हा त्यांनाही कळलं नाही आणि मलाही नाही. मावशींचं सगळं आयुष्य करंटमध्ये गेलेलं. त्यांचा हिशोब सरळ होता: करंट तुटला तर विसरतो, नाही तुटला तर विसरत नाही.

शेवटी धाकटीचाच गिअरबॉक्स ठरला. भैयाने मान हलवली. नवी गाडी हलकी, त्यातल्या डब्याला जड गाडीची सवय, धक्के मारणार. "एकर दिमाग ला साफ करे बर परही दीदी, तभे बने चलही," असं तो छत्तीसगढीत कळवळून सांगायचा. डब्याचं डोकं धुवून काढा म्हणजे चालेल. मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पाना खाली ठेवला आणि "हव, हव" म्हणत चहा मागितला.

डबा देवघरातून गाडीत नेला तो प्रसंग कुणी पाहिला असता तर आम्हा तिघांना वेड्यांच्या दवाखान्यात टाकलं असतं. पुढे मावशी, हातात हळदकुंकू लावलेला तो काळा डबा. मागे भैया, बॅटरी छातीशी धरून. मध्ये मी, वायरींना ताण पडू नये म्हणून दोन्ही हातांनी त्या तोलत. भर दुपारी, कडक उन्हात, अनवाणी. चौकटीपाशी माझा पाय अडखळला आणि मावशींच्या तोंडून असा आवाज निघाला, जसा कडेवरचं मूल निसटताना बाईच्या तोंडून निघतो. वायर सुटली नव्हती. पण तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

गाडीचं पासिंग व्हायचं होतं, म्हणून रस्त्यावर नेता येईना. नवा रायपूरच्या पलीकडे एका ओळखीच्यांचा प्लॉटचा लेआउट होता. गाडी ट्रकवर घालून तिथे नेली आणि तिथल्याच शेडमध्ये ठेवली, ओळखीच्यांच्या मीटरवर चार्जर जोडून. विचित्र जागा. रुंद डांबरी रस्ते होते, चौक होते, दिव्यांचे खांब होते, पाट्यांवर सेक्टर लिहिलेले होते. घर मात्र एकही नव्हतं. रविवारच्या सकाळी मी स्टिअरिंगवर आणि मावशी डाव्या सीटवर, डोळे मिटून.

गाडी निघाली. मी पाय दाबला, दुसरा गिअर पडला, आणि पुढे पडेचना. इंजिन ओरडतंय, गाडी दुसऱ्यातच.

"थांब," मावशी म्हणाल्या. "तिले घाई आहे. सिग्नल पिवळा झाला की ती असंच करे." आणि मग बोट उचलून, "हां, आता टाकणार." तिसरा पडला.

तसंच चालू राहिलं. त्या सांगायच्या आणि गाडी करायची. पुढे वळण आलं. मी ब्रेकवर पाय नेण्याआधीच गाडीने मंद गुरगुरत खालचा गिअर घेतला. मी पाय उचलला असेल, तेवढं डब्याला पुरलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मावशी मिटल्या डोळ्यांनी हसत होत्या. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. "भ्याली, पाह्य. वळणाले भ्यायचीच ती." मग डोक्यावरचा पदर सावरून, माझ्याकडे नाही, समोर तोंड करून, "हळू चल बाई. मी आहे नं."

मला भीती वाटली. शब्द फिरवत नाही, भीतीच वाटली. माझे हात स्टिअरिंगवर होते आणि मी तिथे नव्हते.

पुढे प्रत्येक रविवारी आम्ही जायचो. मावशींचं जेवण वाढलं, चेहरा उजळला. येताजाता बोलायला लागल्या. मला वाटलं, चला, एका म्हातारीचं दुःख हलकं होत असेल तर माझं काय जातंय! आणि मग एका रविवारी, सरळ रस्त्यावर, तिसरा गिअर पडला तसे त्यांनी डोळे उघडले.

"हा तिसरा तुझा आहे."

"म्हणजे?"

"तिचा नाही. ती इतक्यात टाकत नाही. हा तू टाकला."

गाडी मी तिथेच थांबवली. शोरूममधला तो विक्रेता आठवला. डबा शिकत होता. शिकण्यासाठीच तर तो बनवलेला. करंट तुटला नाही तरी नव्या पायाखाली जुना पाय पुसला जाणारच होता, आणि तो पुसत होते मी, दर रविवारी, आनंदाने. तपासणी हे माझं पोटापाण्याचं काम. मला हे आधी दिसायला हवं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उतर."

त्यातलं शिकलेलं बाहेर काढून ठेवता येईल का, हे मी महिनाभर धडपडून पाहिलं. चार आकडे वाचता आले, परत भरता येईनात. मी म्हटलं, "मावशी, गाडी अशीच उभी राहू दे. बॅटरी चालू ठेवू. आहे तेवढी तरी राहील."

"आणि बसू कुठं मी? उभ्या गाडीत?" त्या म्हणाल्या. "ती गाडीत नव्हती वं. ती चालवण्यात होती."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते कुणालाही सुचलं नसतं. त्या स्वतः चालवायला शिकल्या. पण कुणाकडून शिकल्या नाहीत. व्हरांड्यात खुर्ची मांडून, पायाखाली लाकडी पाट तिरका ठेवून, धाकटीच्या चपला घालून बसायच्या. शंकर नगर ते मंत्रालय, रोजचा रस्ता, मनातल्या मनात. इथे गतिरोधक, इथे शाळा, इथे पिवळा दिवा. उजवा पाय पाटावर दबायचा, उचलायचा. "इतकी वर्षं शेजारी बसली मी. तिचा पाय माझ्या कमरेले माहीत आहे," म्हणायच्या. पण पाय नुसता हलवून हलत नव्हता. धाकटी चिडून दाबायची, तर चिडावं लागायचं. भिऊन उचलायची, तर भ्यावं लागायचं. म्हणून मग मावशी व्हरांड्यात बसून न आलेल्या गायींना शिव्या घालू लागल्या. "हट नं बाबू! बापाचा रस्ता आहे काय!" मी जिन्यात उभी राहून हसले होते. पहिल्या दिवशी हसले होते, एवढंच खरं.

मग त्या रविवारी एकट्याच रिक्षाने लेआउटवर जाऊ लागल्या. आल्या की मला सांगायच्या, "वळण जमलं आज." एकदा जिना चढून वर आल्या, धापा टाकत, डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. "तिसरा परत आला वं!" मी त्यांना मिठी मारली. आनंदच झाला होता मला. मिठीतून सुटताना बडीशेपेचा वास आला. मावशी बडीशेप खात नसत, त्यांना ती सोसायची नाही.

मग लहानसहान गोष्टी. फाटक सरळ तळहाताने ढकलायला लागल्या. कूलर तसाच धरायच्या. मी ओरडले, "मावशी, झटका बसेल!" तर खिदळल्या. लाइट गेली की देवघराकडे धावेनात, पंख्याला नावं ठेवत अंगणात जाऊन बसायच्या. दूधवाल्याला बाबू म्हणाल्या. मी एकदा धीर करून म्हटलं, "मावशी, हे जास्त होतंय. डबा राहिला नाही तर नाही. तुम्ही राहा." तर माझ्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं आणि जुन्या, कोरड्या आवाजात म्हणाल्या, "एकच राहील नं पण दोघींतली. तिले राहू दे." तो आवाज मी त्यानंतर ऐकला नाही.

गाडीचं पासिंग झालं आणि ती शेवटी घरी आली. त्या सकाळी मी पोर्चच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसले होते. लाल गाडी फाटकातून आत वळली, वळताना अगदी अलगद, भिऊन वळली आणि जागेवर थांबली. इंजिन बंद झालं. बाई उतरल्या. चपला फटफट वाजवत आल्या, तोंडात बडीशेप, आणि मला पाहून थबकल्या. चेहरा हसरा होता. ओळख नव्हती.

"तू कोण वं, बाबू?"

मी त्या घरात तीन वर्षं राहत होते. या बाईच्या हातचं जेवले होते, तापात त्यांनी माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या.  मी कशीबशी म्हणाले, "वरची खोली घेतलीय. कालच आले."

"असं काय? ताई बोलली नाही मले काही." त्या माझ्या बाजूने वर चढल्या, जाताना माझ्या गालाला हात लावला. पूर्ण तळहात, उबदार. "कुठं आहे ताई? गाडी दाखवायची आहे तिले. तिच्यासाठीच तं आणली."

 त्या आत गेल्या. "ताई!" हाक आली, आधी स्वयंपाकघरातून, मग देवघरातून, मग मागच्या अंगणातून, आणि हसरी होती ती हाक हळूहळू घाबरी होत गेली. खोल्याखोल्यांतून ती तिला शोधत होती, आणि ओ द्यायला घरात कुणी उरलं नव्हतं.